एकाच संगणकावर म्यूझस्कोअर ३ आणि ४: जुनी फाइल पुन्हा पुन्हा ‘नवी’ का होते?

“फाइल उघडत नाही रे. परत तेच.”

सरांचा हा निरोप आला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही, उद्या तालीम असते. सर मडगावला राहतात, निवृत्त व्हायोलिन शिक्षक. मी पुण्यात. आमच्या हौशी कॉयरसाठी चार आवाजांची मांडणी मी करतो. तंतुवाद्यांचे पार्ट सर तपासतात, गज वर की खाली याच्या खुणा घालतात आणि फाइल परत पाठवतात. हे सगळं म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. त्यांच्याकडे म्यूझस्कोअर ३.६.२ आहे, माझ्याकडे ३.६.२ आणि ४ अशा दोन्ही आवृत्त्या. वर्षभरात हा घोळ इतक्या वेळा झाला की शेवटी एका रविवारी बसून त्याचा छडा लावला. तुमच्याकडेही दोन आवृत्त्या नांदत असतील तर तुमचा रविवार वाचेल.

आधी, सगळे देतात तो सल्ला बाजूला ठेवू: “एक आवृत्ती काढून टाक, नाहीतर सरांना नवी घ्यायला सांग.” सरांचा संगणक ३२ बिटांचा आहे. म्यूझस्कोअर ४ ला ६४ बिटांची यंत्रणा लागते, आणि विंडोजवर असाल तर विंडोज १० किंवा त्यापुढची. म्हणजे सरांना नवी आवृत्ती हवी तर आधी नवा संगणक हवा. दर शनिवारी चार पार्ट तपासायला लाख शब्द बोलूनही ते तो घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. माझं उलट आहे. सरावाच्या ध्वनिफिती बनवायला मला ४ लागते, कारण म्यूझ साउंड्स या ध्वनिसंचातले वाद्यांचे आवाज फक्त तिथेच चालतात. आल्टोचा (खालच्या पट्टीतल्या बायकांच्या आवाजाचा) पार्ट पुढे, बाकीचे मागे, अशी फीत प्रत्येकाच्या फोनवर गेली की तालमीत निम्मा वेळ वाचतो. पण ३ ही सुटत नाही. पियानो रोलची (सूर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी) खिडकी आणि बरेच स्कोअर, म्हणजे स्वरलेखनाच्या संहिता, एकत्र छापण्याची अल्बमची सोय या दोन्ही गोष्टी ४.० आली तेव्हा मागेच राहिल्या. माझी हयातभराची कामं ३ मध्ये आहेत हे आणखी वेगळं.

तर दोन्ही हव्यात. आणि दोन्ही एका संगणकावर अगदी सुखाने राहतात, ही पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. विंडोजवर त्यांचे प्रोग्रॅम फाइल्समधले फोल्डर वेगळे, सेटिंग्ज वेगळ्या, डॉक्युमेंट्समध्ये ‘म्यूझस्कोअर३’ आणि ‘म्यूझस्कोअर४’ हे फोल्डरही वेगळे. एक बसवली म्हणून दुसरी बिघडत नाही. मॅकवर अ‍ॅप्लिकेशन्समध्ये दोघी शेजारी शेजारी दिसतात. लिनक्सवर अ‍ॅपइमेज वापरत असाल तर प्रत्येक आवृत्ती म्हणजे एक सुटी फाइल, तिथे भांडणाला जागाच नाही.

भांडण आहे ते फाइलच्या आडनावावरून, म्हणजे नावातल्या टिंबानंतरच्या शेपटावरून. ३ ची फाइल एमएससीझेड, ४ ची फाइलही एमएससीझेड. चेहरा तोच, पोट वेगळं. विंडोजला पोटातलं दिसत नाही. एका आडनावाला तो एकच मालक नेमतो आणि डबल क्लिक केलं की त्या मालकाला हाक मारतो. ४ ही नंतर बसवलेली असल्याने माझ्याकडे मालकी ४ कडे गेली होती. सरांकडून आलेली फाइल मी डबल क्लिकने उघडायचो, एक चुकलेला सूर दुरुस्त करायचो आणि सवयीने कंट्रोल-एस दाबायचो. झालं. ४ मध्ये ३ च्या स्वरूपात सेव्ह करण्याची सोय नाही. त्या एका क्षणी फाइल कायमची ४ ची होते आणि परतीच्या टपालाने सरांकडे जाते. घोळ घालणारा हात माझाच होता, हे कळायला मात्र वर्ष गेलं.

फाइल कोणाची, हे कसं ओळखायचं

नावावरून कळत नाही, आयकॉनवरून तर नाहीच. पण एमएससीझेड ही मुळात झिप फाइल असते. फाइलची एक प्रत काढा (मूळ फाइलीवर प्रयोग नको), तिचं एमएससीझेड हे शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. विंडोजमध्ये शेपटं दिसतच नसतील तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन ती आधी दिसती करा.

आत एमएससीएक्स शेपटाची एक फाइल दोन्हींत असते, संगीत सगळं तिच्यात. त्याशिवाय ‘स्कोअर स्टाइल’, ‘ऑडिओ सेटिंग्ज’, ‘व्ह्यू सेटिंग्ज’ अशा नावांच्या वेगळ्या फाइली दिसल्या तर स्कोअर ४ मधून आलाय. एवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो. खात्रीच करायची असेल तर एमएससीएक्स नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीच्या दोन-तीन ओळींतच आवृत्ती लिहिलेली असते. इथे एक गंमत आहे, तिने मला अर्धा तास फिरवलं. म्यूझस्कोअर ३.६ च्या फाइलीत आधी ३.०२ असा आकडा दिसतो. मला वाटलं, सरांनी कुठली तरी अश्मयुगीन आवृत्ती टाकलीय. तसं नाही. ३.०२ हा फाइलच्या स्वरूपाचा क्रमांक. प्रोग्रॅमचा क्रमांक त्याच्या खाली वेगळा असतो, तिथे ३.६.२ असं नीट लिहिलेलं सापडतं. पहिला आकडा ४ ने सुरू झाला की समजा, ती फाइल सरांच्या हातून गेली.

हे ‘पोट वेगळं’ प्रकरण नुसतं आकड्यापुरतं नाही. ३ मध्ये पानाचा आकार, समास, फॉन्ट, ओळींमधलं अंतर ही सगळी शैली संगीताबरोबर एकाच फाइलीत राहायची. ४ ने ती काढून वेगळ्या फाइलीत ठेवली. म्हणून ४ ची फाइल ३ मध्ये उघडायला गेलं की ३ आधी बजावते, ही नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली आहे. तरीही हट्टाने उघडली तर सूर बरेचसे दिसतात, पण पानाची रया गेलेली असते. आणि या अवस्थेत कोणी वरून सेव्ह केलं तर तेल गेलं, तूपही गेलं. ३ ची फाइल आधीच गेली होती, आता ४ ची मांडणीही गेली. सरांनी एकदा हेच केलं. “उघडली रे, पण विचित्र दिसते,” असं म्हणत त्यांनी इमानदारीत गजाच्या सगळ्या खुणाही घातल्या.

चुकून सेव्ह दाबलं गेलंय, आता काय?

पहिलं काम म्हणजे काहीच करू नका. दुसऱ्यांदा सेव्ह तर अजिबातच नको.

सेव्ह करताना म्यूझस्कोअर आधीच्या प्रतीचा बॅकअप ठेवतो, पण तो लपलेला असतो आणि दोन्ही आवृत्त्या तो वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. ४ स्कोअरच्याच फोल्डरमध्ये ‘एमएससीबॅकअप’ नावाचा एक लपलेला फोल्डर करते, त्याच्या नावाआधी टिंब असतं. ३ ची रीत जुनी: वेगळा फोल्डर नाही, त्याच जागी फाइलच्या नावाआधी टिंब आणि शेवटी स्वल्पविराम लावलेली लपलेली फाइल. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-शिफ्ट आणि टिंब. मग सापडतात.

त्या बॅकअपमध्ये फक्त शेवटच्या सेव्हच्या आधीची अवस्था असते. चुकून ४ मध्ये एकदाच सेव्ह झालं असेल तर बॅकअप अजून ३ चाच आहे. तो दुसरीकडे कॉपी करा, नावामागचं वाढीव चिन्ह काढा आणि ३ मध्ये उघडा. दोनदा सेव्ह केलंत तर बॅकअपही ४ चा झाला. म्हणूनच वर म्हटलं, हात आवरा. फाइल गूगल ड्राइव्हमध्ये असेल तर आणखी एक दार उघडं असतं. फाइलवर उजवी क्लिक करून आवृत्त्यांचा इतिहास बघा, जुन्या प्रती साधारण ३० दिवस मिळतात. मला यानेच दोनदा तारलंय.

यातलं काहीच हाती लागलं नाही तर मग म्यूझिकएक्सएमएल. ४ मध्ये फाइल, मग एक्सपोर्ट, तिथे म्यूझिकएक्सएमएल निवडायचं आणि निघालेली फाइल ३ मध्ये उघडून एमएससीझेड म्हणून सेव्ह करायची. पण यातून सगळं जसंच्या तसं परत येईल अशी आशा बाळगू नका. हे स्वरूप मायकल गुड यांनी बनवलं, २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि आता वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा गट ते सांभाळतो. एका सॉफ्टवेअरमधलं संगीत दुसऱ्यात नेणं हा त्याचा मूळ उद्देश. सूर, ताल, गाण्याचे शब्द, गजाच्या खुणा, मंद-तीव्रतेच्या खुणा इमानाने येतात. तुम्ही हाताने दोन मिलिमीटर सरकवलेला तो स्लर (सूर जोडणारी कमान) येत नाही. आवाजांचं मिक्सिंग येत नाही. वेगळे काढलेले पार्टही येत नाहीत, पण ३ मध्ये फाइल, मग पार्ट्स, मग न्यू ऑल केलं की ते पुन्हा तयार होतात.

एक्सपोर्टच्या खिडकीत मांडणीबद्दल पर्याय विचारले जातात. मी ‘फक्त हाताने घातलेले ओळ आणि पान तोड’ हा पर्याय घेतो. संपूर्ण मांडणी पाठवली की ४ च्या हिशोबाने पडलेल्या ओळी ३ मध्ये जबरदस्तीने बसवल्या जातात आणि एखाद्या ओळीत पाच बार (तालाचे खंड) कोंबलेले तर दुसरीत दोनच, असं ध्यान तयार होतं.

मग पुन्हा होऊ नये म्हणून

इथे मी तीन-चार उपाय करून पाहिले. पहिला सगळ्यांना सुचतो: आडनावाची मालकी ३ कडे देणं. फाइलवर उजवी क्लिक, ओपन विथ, दुसरं अ‍ॅप निवडा, म्यूझस्कोअर ३, आणि ‘नेहमी हेच वापरा’. यादीत ३ दिसलीच नाही तर प्रोग्रॅम फाइल्समधल्या म्यूझस्कोअर ३ च्या फोल्डरमध्ये बिन नावाचा उपफोल्डर आहे, प्रोग्रॅम तिथे सापडतो. ३ का, ४ का नाही? कारण चूक झाली तर कोणती चूक परवडेल ते बघायचं. ४ ची फाइल चुकून ३ मध्ये उघडली तर निदान इशारा समोर येतो आणि मी थांबतो. ३ ची फाइल चुकून ४ मध्ये उघडली तर ती हसतमुखाने उघडते. मला भीती या हसण्याची आहे.

पण ही मालकी टिकतेच असं नाही. ४ चा नवा अपडेट बसवल्यावर एकदा बघून घ्या. मी दोनदा गाफील राहिलो, दोन्ही वेळा सरांचा फोन आला.

दुसरा उपाय सेंड टू मेनूचा. विंडोज आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या खिडकीत शेल, कोलन आणि सेंडटू असं रोमनमध्ये जोडून लिहा. उघडलेल्या फोल्डरमध्ये दोन्ही आवृत्त्यांचे शॉर्टकट टाका. मग कुठल्याही फाइलवर उजवी क्लिक करून ‘यात पाठव’ म्हणायचं. डबल क्लिक बंद करण्याची सवय लागायला मला महिना लागला, पण लागली.

खरा रामबाण निघाला तो तिसरा, आणि तो सगळ्यात बिनडोक आहे. तालमीला पाठवायच्या ३ च्या मूळ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रीड-ओन्ली’ वर खूण केली. आता कुठलीही आवृत्ती त्या फाइलीवर लिहू शकत नाही. दुसऱ्या नावाने सेव्ह करावंच लागतं, आणि नाव द्यायला थांबलं की डोकं जागं होतं. ४ मध्ये फीत बनवायची असेल तर मी नावाच्या शेवटी ‘फीत-४’ असं जोडतो. ती फाइल म्यूझस्कोअर४ च्या फोल्डरमध्ये जाते आणि परत कधीही ३ च्या फोल्डरमध्ये येत नाही. रस्ता एकेरी. तिच्यात सूर चुकलेला दिसला तर तो तिथे दुरुस्त करायचा नाही. ३ च्या मूळ फाइलीची खूण काढून तिथे करायचा आणि नवी फीत बनवायची. दुप्पट काम वाटतं, मलाही वाटलं. पण दोन फाइलींत दोन वेगवेगळ्या दुरुस्त्या आणि तालमीत बास म्हणतो फ, टेनर म्हणतो फ तीव्र, हा प्रसंग एकदा अनुभवलात की दुप्पट काम गोड लागतं.

सरांकडून येणाऱ्या फाइलींना नावात तारीख असते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घालत आलेत, ते फाइललाही घालतात.

पानं का हलतात, आणि मराठी अक्षरांचं काय

फाइल सुरक्षित राहिली तरी दुसरी तक्रार येतेच: “माझ्याकडे दोन पानं, तुझ्या छापील प्रतीत तीन.” ही चूक नसून दोन वेगळे हिशोब आहेत. सुरांमधलं आडवं अंतर ठरवायची पद्धत ४ मध्ये नव्याने लिहिली गेली, त्यामुळे तीच ओळ तिथे कमी किंवा जास्त जागा खाते. तालमीत पान उलटायच्या जागा महत्त्वाच्या असतील तर छपाई नेहमी एकाच आवृत्तीतून करा आणि वाटायला पीडीएफच द्या. आमची छपाई ३ मधूनच होते.

त्यात जुनी फाइल ४ मध्ये उघडताना एक खिडकी येते. नवा लेलँड फॉन्ट लावू का, नवा एडविन लावू का, असं विचारते. हे दोन्ही फॉन्ट ३.६ बरोबर, जानेवारी २०२१ मध्ये आले. लेलँड संगीतचिन्हांचा, स्कोअर हे फार जुनं नोटेशन सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लेलँड स्मिथ यांचं नाव त्याला दिलंय. एडविन अक्षरांचा. घाईत सगळ्याला हो म्हटलं जातं, आणि मराठी गाण्याचे शब्द असतील तर इथेच गंमत सुरू होते. एडविनमध्ये देवनागरी नाही. मग संगणक आपल्याकडची जी सापडेल ती देवनागरी उचलतो. विंडोजवर एक, मॅकवर दुसरी, लिनक्सवर तिसरी. प्रत्येकीची रुंदी वेगळी, म्हणून शब्द एकमेकांवर चढतात, ओळ फुगते, पान वाढतं. आमच्याकडे मांडो, म्हणजे गोव्याचं कोंकणी गाणं, रोमी (रोमन) लिपीत असतो, तो कधी हलला नाही. हलायची ती फक्त मराठी गाणी, म्हणून बरेच दिवस मला वाटत होतं की मीच शब्द चुकीचे भरतोय.

उपाय सोपा: गाण्याच्या शब्दांचा फॉन्ट नशिबावर सोडू नका. फॉर्मॅट, मग स्टाइल, मग टेक्स्ट स्टाइल्समध्ये लिरिक्सच्या सम आणि विषम दोन्ही ओळींना देवनागरी फॉन्ट स्वतः नेमून द्या आणि तोच फॉन्ट समोरच्याच्या संगणकावरही बसवा. मी टिरो देवनागरी मराठी वापरतो, मोफत आहे. त्यात ल आणि श मराठी वळणाचे असतात, संगणकाने आपल्या मनाने निवडलेल्या अक्षरांत ते बहुधा हिंदी वळणाचे येतात. सरांनी ही गोष्ट माझ्याआधी पकडली होती. दर वेळी फाइल बिघडली की ते विचारायचे, “शब्दातला ल असा का झालाय?” मी हसण्यावारी न्यायचो. ल बदलला म्हणजे फॉन्ट बदलला, आणि फॉन्ट बदलला म्हणजे फाइल ४ मधून जाऊन आली. माझ्या झिपच्या करामतीपेक्षा सोपी परीक्षा होती ती.

ज्यांचे विद्यार्थी सुरांखाली सरगम वाचतात, त्यांनी सरगम पहिल्या ओळीत आणि गाण्याचे शब्द दुसऱ्या ओळीत ठेवले असतील तर दोन्ही ओळींची शैली तपासा. म्यूझिकएक्सएमएलमधून फाइल आली असेल तर कोमल स्वरांखालच्या रेघा एकदा डोळ्यांखालून घाला.

राहता राहिला मिडी कीबोर्ड, म्हणजे सूर भरायला संगणकाला जोडलेली पियानोसारखी पट्टी. दोन्ही आवृत्त्या एकदम उघड्या असताना कीबोर्ड एकीत वाजतो, दुसरीत मुका. बिघाड नाही. विंडोजवर बऱ्याच कीबोर्डांचा ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला आत येऊ देतो, जो आधी उघडला त्याने जागा धरली. एक आवृत्ती पूर्ण बंद करा, कीबोर्डची वायर काढून पुन्हा लावा आणि दुसरी उघडा. ऑडिओ इंटरफेस (आवाजासाठी संगणकाला जोडायची पेटी) एसिओ नावाच्या ड्रायव्हरवर चालत असेल तर तिथेही असंच होऊ शकतं. मी आता नियमच केलाय: सूर भरायला ३, फीत काढायला ४, दोघी एकदम उघड्या नकोत.

गेल्या तालमीच्या आदल्या रात्री सरांचा निरोप आलाच. मी धसकून उघडला. “सोळाव्या बारात व्हिओलाला गज खाली हवा, तू वर घातलायस.”